बाबांच्या रेझरचा तुटका दात

जुना रेझर हातात आला की बहुतेक लोक आधी चमक बघतात. अशा माणसाशी मी पुढे बोलत नाही. चमक काय, चिंच लावून घासलं की पितळ कुणाचंही चमकतं. रेझरची ओळख पटते ती तो उघडल्यावर. वरची टोपी, मधली दातेरी पट्टी आणि खालचा दांडा असे तीन भाग सुटे करायचे. टोपीच्या आत पातं अडकवायला तीन गोल खुंट्या आहेत की एक लांब पट्टी आहे ते बघायचं. खुंट्या जुन्या, पट्टी नंतरची. मग दात मोजायचे, दोन्ही बाजूंचे. दांड्यावरची नक्षी सरळ की तिरपी, आटे किती, आणि शेवटी भिंग लावून कुठे आकडा किंवा अक्षर कोरलंय का ते शोधायचं. एवढं झाल्यावर भाव विचारायचा. आणि विकणारा 'साहब, अंग्रेजों के जमाने का है' म्हणाला, तर उठून चालू लागायचं. इंग्रजांच्या जमान्यात काय भंगार तयार होत नव्हतं?

मी रेल्वेच्या कारखान्यात तपासनीस होतो. नोकरीभर एकच काम केलं. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि पास किंवा फेल म्हणायचं. ही सवय घरीही सुटत नसे. जेवताना मी भाजीत चमचा फिरवत बसलो की आई म्हणायची, "अरे, सब्जी आहे ती, पुर्जा नव्हे. खा आता." लग्न केलं नाही. त्याची कारणं निराळी आहेत, पण मुलगी बघायला गेलो की मी तिच्याकडे भिंगातून बघतो असं आई मावशीला सांगायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रेझर जमवण्याचा माझा नियमही कारखान्यातलाच होता. प्रत्येक प्रकारचा एकच नग ठेवायचा, आणि त्याहून चांगला मिळाला की पहिला काढून टाकायचा. ढीगभर जमवणारे वेगळे, त्यांना मी हौशी म्हणतो. माझ्या कपाटात चपटे कप्पे होते, प्रत्येक कप्प्यात निळी मखमल, आणि मखमलीवर एकेका प्रकारचा उत्तमातला उत्तम नग. मला त्याचा गर्व होता.

काशीत जुने रेझर मिळायला तोटा नाही, पण का ते सांगायला जरा अवघड आहे. माणूस गेला की अकराव्या दिवशी शय्यादान होतं. गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या, आरसा, आणि पुरुष असेल तर दाढीचं सामान, असं सगळं मांडून महापात्राला द्यायचं. महापात्र म्हणजे मेलेल्याच्या नावानं दान घेणारा ब्राह्मण. त्यानं घेतलं की ती वस्तू गेलेल्या माणसाला पोचली असं समजायचं. आता एका घरात गाद्या किती आणि छत्र्या किती मावणार? त्या पुढे विकल्या जातात. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. तिथून दहा मिनिटांवर एक महापात्र राहतात, माझ्याच वयाचे. त्यांच्या ओसरीवर पत्र्याच्या एका डब्यात रेझर साठत, आणि मी दर रविवारी जात असे. मला बघून ते लांबूनच सांगायचे, "आवा गुरू, दू ठे आयल हौ," म्हणजे दोन आलेत. नाहीतर, "आज कुछ नाहीं." आज काही नाही म्हणजे त्या आठवड्यात गेलेले सगळे प्लॅस्टिकवाले होते. मी डबा घेऊन उन्हात बसायचो, ते पान लावायचे. वर्षानुवर्षं असं चाललं. ते रेझर ज्यांचे होते त्यांचा विचार माझ्या मनात क्वचितच आला असेल.

आईला हे मुळीच पटत नसे. मी पिशवी घेऊन जिना चढलो की ती वरून ओरडायची, "नळाखाली जा आधी! आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही." मी म्हणायचो, अगं पितळ आहे, त्याला कसलं सुतक? ती म्हणायची, "पितळाला नसेल. तुला आहे."

या सगळ्या खटाटोपाचं मूळ मात्र घरातच होतं, बाबांच्या आरशाशेजारी. आईचे वडीलही रेल्वेतच होते. त्यांचा गोरा साहेब देश सोडून जाताना त्यांना डबीतला एक रेझर देऊन गेला. आजोबांची दाढी न्हावी करायचा, त्यामुळे डबी तशीच पडून राहिली आणि पुढे लग्नात जावयाला मिळाली. बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी तो रेझर पहिल्या दिवसापासून वापरायला काढला आणि शेवटच्या आजारापर्यंत दुसरा हातात घेतला नाही. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावस्या एवढे दिवस सोडून रोज दाढी. पंचांग बघायला नको, बाबांची हनुवटी बघितली की पुरे, असं आम्ही म्हणायचो.

लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा आईच्या हातून तो फरशीवर पडला. एका बाजूचा, टोकाकडून दुसरा दात तुटला. नवी नवरी, वस्तू माहेरची आणि मोडली स्वतःच्या हातून. ती रडायलाच लागली. बाबांनी खाली वाकून तुटका दात शोधला, चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "घ्या, माझ्याआधी हाच म्हातारा झाला." आई ही गोष्ट इतक्यांदा सांगायची की मी तिथे होतो असंच मला वाटतं. त्यानंतर बाबा ती तुटकी बाजू गालाला वापरत आणि धडकी बाजू हनुवटीला. तोंडाला साबण लावून ते रेझर बोटात फिरवून बघत, कुठली बाजू वर आहे ते, आणि मग सुरुवात करत.

मी तिशीत असताना बाबांचा रेझर पहिल्यांदा भिंगाखाली घेतला. तोवर बऱ्याच रेझरांशी माझी ओळख झाली होती. तीन खुंट्या, नेहमीपेक्षा कमी दात, डावीकडे कललेली नक्षी, टोपीच्या आत एक बारीक अक्षर. हा प्रकार थोडीच वर्षं निघून बंद पडलेला. मी धावत न्हाणीपाशी गेलो आणि म्हणालो, "बाबा, तुमचा रेझर दुर्मीळ आहे!" बाबांच्या तोंडाला साबण होता. ते आरशातूनच म्हणाले, "हळू बोल. ऐकलं तर शेफारेल." मी म्हणालो, पण एक दात तुटलाय ना, नाहीतर काय किंमत आली असती. बाबांनी रेझरसाठी हात पुढे केला. मी मात्र माझ्या वहीत नोंद केली. सगळं वर्णन, आणि शेवटी: 'दुर्मीळ. एक दात तुटका, तुटलेला भाग वापरून गुळगुळीत. दुय्यम नग.'

तेरा वर्षांपूर्वी थंडीत बाबा गेले. चार दिवसांचा ताप, मग न्यूमोनिया. अकराव्याच्या आदल्या दिवशी आईनं चटईवर त्यांच्या वस्तू मांडायला घेतल्या. तिला काचबिंदू होता, तेव्हाच बरंचसं अंधुक दिसायचं, पण वस्तू हाताळून ती बरोबर लावत होती. चष्मा, काठी, पंचा, पानाचा डबा. म्हणाली, "रेझर विसरू नकोस. ब्रश आणि वाटीसकट ठेव."

मी दुपारी बाजारात जाऊन एक नवा रेझर आणला. ब्रश आणि वाटी बाबांची, रेझर नवा, असं फडक्यात बांधलं. त्या वेळी मला हे अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. मी स्वतःलाच समजावलं: आपण दिला की आठ दिवसांत तो पत्र्याच्या डब्यात येणार, आणि मीच रविवारी जाऊन तो विकत आणणार. मग हे नाटक कशाला? आणि मी जायच्या आधी दुसऱ्या कुणी उचलला तर? बाबांची आठवण म्हणून ठेवतोय, असंही मनात म्हटलं. खरं सांगायचं तर 'दुर्मीळ' हा शब्दच मनात जास्त होता.

आईनं फडक्यावरून हात फिरवला. दांडा लागला, ब्रश लागला. तिनं विचारलं, "ठेवलास ना?"

"ठेवला."

"बरं झालं. त्यांना दुसऱ्या कशानं जमत नाही."

दुसऱ्या दिवशी घाटावर दान झालं. बाबांचा रेझर माझ्या कपाटात, निळ्या मखमलीवर.

मी रोज तो वापरला असता, निदान रविवारी हातात घेऊन बसलो असतो, तरी माझं वागणं थोडंफार क्षम्य ठरलं असतं. मी तसं काहीही केलं नाही. त्यानंतर चारपाच वर्षांनी कलकत्त्याच्या एका जमवणाऱ्याशी ओळख झाली. त्याच्याकडे हाच प्रकार होता, धडका, सगळे दात जागेवर, मुलाम्याला ओरखडा नाही. त्याला जुने रेझर दुरुस्त करायची हौस होती आणि तो अदलाबदलीला तयार होता. बाबांचा आणि आणखी एक असे दोन मी त्याला पाठवले. पार्सलमध्ये चिठ्ठी घातली: 'या नगात दोष आहे, एक दात नाही.' त्याचा आला. मी तो भिंगाखाली घेतला, मापला, मखमलीवर ठेवला, आणि त्या संध्याकाळी मला मनापासून आनंद झाला. त्या दिवशी बाबांची मला एकदाही आठवण आली नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडानं कुणाला सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या वयात डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला हात लावला नाही. ती खाटेला खिळली. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. रोज सकाळी मी तिची खाट सज्जात ओढायचो, माकडं येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीपाशी, म्हणजे तिला ऊन लागायचं. मी शेजारी पाट टाकून रेझर साफ करत बसायचो. तिला वेळ जात नसे, म्हणून एकेक तिच्या हातात द्यायला लागलो. आंघोळीचा नियम तिनंच गुंडाळून ठेवला. म्हणाली, "आता मीच निघाले, मला कसलं सुतक?"

मग तिला त्यात गोडी वाटू लागली. ती अंगठ्यानं दांडा चाचपायची, वजन करायची आणि काहीबाही सांगायची. "हा माणूस डावरा होता, बघ इथे झिजलाय." किंवा, "ह्याचा हात थरथरत असणार, किती घट्ट धरलाय." मी भिंगातून बघायचो आणि ते खरंच तसं असायचं. इतकी वर्षं रेझरांत डोकं घालून मला कधी सुचलं नव्हतं की झीज कुठे आहे त्यावरून धरणाऱ्याचा हात कळतो. मी तिला म्हणालो, आई, तू आमच्या कारखान्यात हवी होतीस. ती खूश झाली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी म्हणजे त्या पंधरावीस सकाळी.

अशाच एका सकाळी मी कप्पा पुसायला बाहेर आणला आणि चहा बघायला आत गेलो. परत आलो तेव्हा तिनं खाटेवरून हात लांबवून कप्प्यातला एक रेझर उचलला होता. दोन्ही हातांत धरला होता. चेहरा असा झाला होता की मला वाटलं तिला काहीतरी होतंय.

"हा ह्यांचा आहे," ती म्हणाली.

मी हातातला चहा खाली ठेवला.

"नक्षी डावीकडे जाते. वजन तेच. हा ह्यांचा आहे. तू तर दानात दिला होतास."

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या हातात तो रेझर बघून ते जमलं नाही. मी सांगितलं. बाजारातून नवा आणला, तो दिला, बाबांचा ठेवला. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त अंगठा पट्टीवर ठेवला आणि दातांवरून हळूहळू फिरवत नेला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग पुन्हा पहिल्या बाजूनं.

"आणि दात कुठून आला?" तिनं विचारलं.

तेव्हा मला बाकीचंही सांगावं लागलं. कलकत्ता, अदलाबदल, धडका नग. मी म्हणालो, "आई, प्रकार तोच आहे. अगदी तोच." हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना माझं मलाच ऐकू आलं.

तिनं तो रेझर माझ्याकडे परत केला. तोंड उन्हाकडे वळवलं. मग म्हणाली, "बारा वर्षं झाली रे. बारा वर्षं ते कशानं दाढी करत असतील?"

माझा यावर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण साठी उलटलेला मी, त्या सज्जात पाटावर बसून हमसून हमसून रडलो, कारण मला बाबा दिसले, साबण लावून आरशापुढे उभे, हातातला परका रेझर फिरवून बघताना, गालाची बाजू कुठली ते शोधताना.

आईनं मला रडू दिलं. मग चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता रडून काय? तो शोधून आण. माझं सामान देशील ना, त्यात ठेव. मी नेऊन देते."

मी कलकत्त्याला फोन केला. त्या गृहस्थांनी बाबांच्या रेझरला केव्हाच दुसरी पट्टी बसवली होती, नवा मुलामा चढवला होता, आणि तो परदेशात कुणाला तरी दिला होता. जुनी पट्टी? ती मोडक्या भागांच्या डब्यात असेल, नाहीतर भंगारात गेली असेल. मी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि गाडीनं कलकत्ता गाठलं. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी वर्तमानपत्र पसरून डबा त्यावर ओतला आणि मला भिंगासाठी दिवा लावून दिला. दुपारपर्यंत मी एकेक पट्टी बघितली. टोकाकडून दुसरा दात नसलेल्या दोन निघाल्या. एकीचे दात जास्त होते, दुसरीची भोकं निराळी. माझी नजर चांगली आहे. या एका दिवशी ती वाईट असती तर बरं झालं असतं.

ते गृहस्थ फार वाईट वाटून म्हणाले, "दादा, आप तो जानकार आदमी हैं। आपने खुद लिखा था कि इसमें दोष है।"

मी परत आलो तेव्हा आईला ताप भरला होता. डॉक्टर जिन्यात मला म्हणाले की आता दिवस मोजायचे. मी आत गेलो. तिनं पावलं ओळखली.

"मिळाला?"

"मिळाला," मी म्हणालो.

"दे."

"साफ करून देतो. उद्या."

त्या दुपारी ती झोपल्यावर मी कपाटातून तो धडका रेझर काढला. पट्टी सुटी केली, फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरली, आणि टोकाकडून दुसऱ्या दातावर पक्कड लावली. सबंध नोकरीत चांगला भाग मी कधी बिघडवला नव्हता. असा नग मी पुन्हा पाहिलेला नाही, आणि तो मोडताना मला जरासुद्धा हळहळ वाटली नाही. भीती एवढीच होती की तिला कळेल. दात मुळापासून तुटला. मी दांड्याला राख चोळली, मुलामा थोडा घालवला, आटे ढिले केले. ज्या खोटेपणावरून मी विकणाऱ्यांना दारातून हाकलत आलो, तो सगळा खोटेपणा मी एका दुपारी केला.

सकाळी सज्जात तिच्या हातात रेझर दिला. तिचा हात आता हलका झाला होता, रेझर पेलत नव्हता, म्हणून मी खालून आधार दिला. तिनं नक्षी बघितली. मग अंगठा दातांवर नेला. पहिला दात, मग ती मोकळी जागा. अंगठा तिथे थांबला. तिथून उचलला तेव्हा त्यावर रक्ताचा बारीक थेंब होता. तिनं तो अंगठा पदराला पुसला, मला दिसू नये अशा बेतानं.

"हाच," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून रेझर घेऊ लागलो.

"जरा कानशीनं घासून घे," ती म्हणाली. "त्यांच्या गालाला लागेल."

बाबांच्या रेझरचा तो तुटका भाग पन्नासएक वर्षांच्या वापरानं गोटीइतका गुळगुळीत झालेला होता. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं आहे. मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तिनं मला एवढंही विचारलं नाही की कलकत्त्याला काय झालं.

मी तिच्या शेजारी पाटावर बसून घासायला लागलो. बारीक कानस, अगदी हलक्या हातानं. तिला तो आवाज आवडत होता की काय कोण जाणे, डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं मी रेझर तिच्या अंगठ्याखाली धरायचो. ती म्हणायची, "अजून." मी पुन्हा घासायचो. दुसऱ्या दिवशीही तेच. मधे कधी ती बाबांशी बोलल्यासारखं पुटपुटायची, कधी मला म्हणायची, "हात दुखला असेल तुझा. चहा घे." आणि अंगठा लावून बघितला की, "अजून थोडं." मला वाटतं ते दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून बाबांची दाढी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाट सज्जात न्यायला गेलो तेव्हा ती गेलेली होती. 'पुरे' म्हणायचं तिचं राहून गेलं.

दहाव्याला न्हाव्यानं माझं डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं. अकराव्याला घाटावर तेच महापात्र आले. आईच्या वस्तू मांडल्या होत्या: नऊवार, बांगड्या, आरसा, फणी, तांब्या. मी फणीशेजारी रेझर ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला असेल. माझ्या हातात त्यांनी जन्मभर रेझरच बघितले आहेत. ते जरा खाकरून म्हणाले, "गुरू, ई तोहार रह गयल का? माताजी के सामान में?"

मी म्हणालो, "आईच्याच सामानातलं आहे. बाबांना द्यायचंय, ती घेऊन जाणार आहे."

ते हसले नाहीत. "ठीक हौ," म्हणाले आणि पोथी उघडली.

संकल्पाचं पाणी हातावर घ्यायच्या आधी मी रेझर पुन्हा उचलला. अंगठ्यानं बघितलं तर गुळगुळीत वाटला. पण अंगठा माझा होता, आईचा नव्हे. माझा गाल आदल्या दिवशीच सोलून काढल्यासारखा उघडा झाला होता. मी रेझर उलटा केला आणि तुटकी बाजू गालावरून वरून खाली ओढली. डोळ्यांच्या खाली, जिथे बाबा सुरुवात करत तिथून.

लागत होता. मी महापात्रांना थांबायला सांगितलं आणि खिशातून कानस काढली.